शिरोळ हाय

गोठ्यात खुंटीला टांगलेला रेडिओ. त्याच्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवलेली, धुऊन, उलटी करून.

०

पत्र्याची पेटी. आत लाल दांडा. पेटीच्या दारावर आतल्या बाजूनं खडूत लिहिलेलं: हात लावू नये. गैबी.

०

खाली गिरणी सुरू असली की वर बातम्या वाचायच्या नाहीत. श्रोते विचारतात, कोल्हापुरात पाऊस लागलाय काय?

०

एका आवाजाच्या फाइलचं नाव: ‘शिरोळ हाय, खोकल्यासकट’.

०

गुडघ्याचं तेल. बाटली अर्धी.

०

“ताई, तुमच्यानंतर कोण?”

०

हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत. आता जोडायला घेऊ.

पाणवठा रेडिओ म्हणजे तीन टॉवर आणि तीन माणसं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत गिरणीच्या माडीवर संघप्रिया. शिरोळात नदीच्या घाटाला लागून एका खोलीत गैबी मुजावर. गारगोटीत शाळेमागच्या खोलीत तिथलीच शिक्षिका पूर्णिमा. हा रेडिओ सरकारचा नाही, कारखान्याचा नाही, कुठल्या पक्षाचा नाही. आण्णा म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी काढला, लोकांनी ऐकला, आणि तो चालवता चालवता माणसं म्हातारी झाली. पूर्णिमा तेवढी पन्नाशीच्या अलीकडे. आण्णा गेले. यंत्रांचे सुटे भाग मिळायचे त्याच्याही आधी थांबले होते.

रेडिओवर उसाची माहिती असायची, भजनं, कव्वाल्या, हरवलेल्या जनावरांच्या खुणा. त्यातलं काहीही मागंपुढं झालं तर चालायचं. हजेरी मात्र सकाळी सातला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला.

संघप्रिया: शिरोळ?

गैबी: शिरोळ हाय.

संघप्रिया: गारगोटी?

पूर्णिमा: गारगोटी हाय.

संघप्रिया: कोल्हापूर हाय. चला, सुरू करूया.

आण्णांनी हे लाइन तपासायला म्हणून सुरू केलं होतं. तिन्ही ठिकाणं जोडलेली आहेत की नाहीत, एवढ्यापुरतं.

शिरोळचा टॉवर उंचावर आहे, शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीवर. गैबीची खोली खाली आहे, घाटाजवळ, कारण लोक तिथं येतात, बसतात, बोलतात. त्यामुळे महापुराच्या वर्षी असं झालं की पाणी खोलीत शिरलं आणि टॉवर मात्र चालूच राहिला. संघप्रियानं विचारलं, शिरोळ? उत्तरादाखल नुसती खरखर. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा खरखर. खालच्या मळ्यात झुंबरबाईनं गोठ्यातल्या रेडिओवर ती ऐकली, म्हशींची दावी सोडली आणि घराघरात जाऊन लोकांना उठवलं. मळा शाळेत पोचला. मागून पाणी मळ्यात पोचलं. गैबीला दुसऱ्या दिवशी छपरावरून नावेतनं आणला, तेव्हा तो विडी मागत होता.

तेव्हापासून नदीकाठच्या मळ्यांत एक नियम झाला. कुणी लिहिला नाही, कुणी जाहीर केला नाही. गैबी बोलला नाही की उठायचं. गैबी बोलला की परत जायचं. पुराचे निरोप मोबाइलवर ढिगानं येतात, त्यातले निम्मे गेल्या सालचे असतात. गैबीच्या गप्प बसण्यात मात्र कधी खोट निघाली नव्हती.

०

(यंदाचा जून. मंगळवार पेठ. ऊन.)

विजयसिंह आण्णांचा मुलगा. संस्था आता त्याच्याकडे. माणूस वाईट नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

“ताई, गैबीचाचांना आता जिना चढवत न्हाई. पूर्णिमाबाईंची बदली कधीबी हुईल. तुमची शुगर. तुमच्यानंतर कोण, सांगा की.”

उत्तर पुण्याच्या एका कंपनीकडे होतं. तिन्ही टॉवर एका कॉम्प्युटरवरून चालतील. आवाज आधीच भरून ठेवायचे. अट एकच: रेडिओ गप्प राहता कामा नये. गप्प राहिला की करार मोडला.

कंपनीची पोरगी म्हणाली, ते हजेरीचं काढून टाकू, त्यात कंटेंट काहीच नाही.

इथं संघप्रिया अडून बसली. “बाकी काय पायजे ते काढा. हजेरी ऱ्हाणार. एक दिवससुद्धा चुकता कामा नये.”

करारात तिच्या सांगण्यावरून झालेला हा एवढा एकच बदल.

मग गैबीला शिरोळाहून बोलावलं. तो एसटीनं आला, माडीवर बसत बसत चढला आणि वर येऊन पँट गुडघ्यापर्यंत सारून तेल चोळायला लागला.

“चाचा, नुसतं ‘शिरोळ हाय’ म्हणायचं.”

“नुसतं? कंच्या दिवसाचं? सोमवारचं येगळं असतंय. ईदचं येगळं. बायकुशी भांडून आल्यावरचं तर लईच येगळं.”

“सगळी द्या की मग.”

त्यानं सगळी दिली. पेंगुळलेला, रागावलेला, पान तोंडात असलेला, ईदचा. मधे एकदा खोकला आला. कंपनीचा माणूस म्हणाला, हा कापू या. गारगोटीहून पूर्णिमा फोनवर ऐकत होती, ती ओरडली, “खोकला ठेवा ओ! त्याबिगर चाचा वाटत न्हाईत!”

ठेवला.

“आता मी घरात बसून माझाच आवाज ऐकायचा,” गैबी म्हणाला. “शहाजादी म्हणंल, घरातबी ह्योच आन् रेडिओतबी ह्योच, मी जाऊ कुठं?”

सगळे हसले. चहा आला.

“खोलीची किल्ली मातर माझ्याकडंच ऱ्हाऊ दे, ताई.”

“ऱ्हाऊ दे की, चाचा.”

या तिघांनी सारी उमर हजेरी चुकू नये म्हणून काढली होती. तापात, लग्नात, आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. आता ती कधीच चुकणार नव्हती. त्यांना बरंच वाटलं. मळ्यातला नियम मळ्यात होता. तो त्यांच्यापर्यंत कौतुक म्हणून आला होता, नियम म्हणून कधी आला नव्हता.

०

ऑगस्ट. धरणाची दारं उघडलेली. पंचगंगा पात्राबाहेर. तिकडे कृष्णेलाही फुगवटा.

संघप्रियाचं माडीवर आता काही काम नव्हतं. तरी ती यायची. जुन्या मिक्सरवर टाकलेला टॉवेल झटकायची, पुन्हा टाकायची. कोपऱ्यात कॉम्प्युटर. तो स्वतःचा स्वतः चालायचा.

सकाळी तिनं गैबीला फोन केला होता. “पाणी गल्लीत आलंय,” तो म्हणाला होता. “दुपारच्याला शहाजादीला घेऊन शाळेत जातो. काळजी करू नगा.”

संध्याकाळी सहाला खिडकीतला छोटा रेडिओ तिच्याच आवाजात म्हणाला:

शिरोळ?

आणि मग, खोकल्यासकट:

शिरोळ हाय.

तिच्या हातातला चहा तिथंच राहिला. आधी तिला एवढंच वाटलं की हे खोटं आहे. गैबी शाळेत आहे. मग कळलं की हे मळ्यांत कोण कोण ऐकतंय.

गैबीचा फोन बंद. झुंबरबाईचा लागला.

“झुंबरबाई, मी रेडिओवरची संघप्रिया. पाणी कुठवर आलंय?”

“बांधाला लागलंय की.”

“मग निघाला न्हाईसा?”

“पोरं म्हणत्यात जाऊया. मी म्हटलं, गैबी गप्प बसल्याबिगर मी हालत न्हाय. आत्ताच बोलला की त्यो.”

“त्यो गैबी न्हाय, बाई. मशीन हाय. उठा तुम्ही.”

“मशीन? मशीन खोकतंय व्हय? त्येचा खोकला मला कळत न्हाय? मला येडी समजलासा काय?”

फोन कटला. पुन्हा लागला नाही.

संघप्रिया उठली. कॉम्प्युटरची वायर कुठली ते तिला माहीत नव्हतं, म्हणून सगळ्याच उपसल्या. जुन्या मिक्सरवरचा टॉवेल काढला, जुनी लाइन जोडली, खटका दाबला. धूळ तापल्याचा वास आला. दिवा लागला. तिनं माईक ओढून घेतला.

लोक सांगण्यावर उठणार नव्हते. लोक एकाच गोष्टीवर उठणार होते.

“शिरोळ?” ती म्हणाली.

आणि पुढची जागा मोकळी सोडली.

एरवी ती जागा एका श्वासाएवढी असायची. आता ती वाढत गेली. या जागेचा शिरोळात अर्थ काय होतो ते तिला ठाऊक होतं: गैबी गेला, किंवा जातोय. ती एका जित्या माणसाला स्वतःच्या हातानं गप्प करत होती. तो शाळेत बसून हे ऐकत असेल. ऐकू दे. येऊन शिव्या देऊ दे.

“शिरोळ?”

खरखर.

“शिरोळ?”

विजयसिंह निथळत जिना चढून आला. “ताई, काय चाललंय? पुण्यासनं फोनवर फोन येत्यात. रेडिओ गप्प हाय!”

“रेडिओ न्हाय. शिरोळ गप्प हाय. बस खाली.”

“करार जाईल, ताई. करार गेला की सगळंच गेलं. बाबांचा रेडिओ हाय हा.”

“व्हय, त्यांचाच हाय.” तिनं माईककडे तोंड फिरवलं. “शिरोळ?”

तो बसला. थोड्या वेळानं त्यानं फोन बंद करून खिशात टाकला. दोघं खरखर ऐकत राहिले. बाहेर पागोळ्या पडत होत्या आणि खालची गिरणी कधीची बंद झाली होती.

अंधार पडता पडता एका अनोळखी नंबरावरून फोन आला. गैबीची बायको, शहाजादी. शाळेतून बोलत होती, कुणाच्या तरी फोनवरून.

“मळा आला, ताई. समदा. म्हशींसकट. झुंबरबाई म्होरं.”

संघप्रियानं डोळे मिटले. “आणि चाचा?”

पलीकडे लहान मुलं रडत होती. एक म्हैस.

“सहाला आम्ही हितंच हुतो. एकानं रेडिओ लावला. ह्येंचा आवाज आला. हे माझ्याकडं बघाय लागले. म्हणाले, म्या कवा म्हटलं ‘हाय’? मी म्हटलं, ते रेकॉर्ड हाय की ओ, तुम्हीच नाय का गेलतासा द्यायला? तर म्हणाले, मळ्यातली लोकं बसून ऱ्हातील. खोलीतनं जातोय आवाज, वायर उपसून येतो. किल्ली घेतली आन् गेले. पाणी गुडघ्याएवढं हुतं तवा.”

“मग?”

“मग थोड्या टायमानं आवाज बंद झाला की. म्हंजे पोचले असतील, न्हवं?”

विजयसिंह संघप्रियाकडे बघत होता. ती भिंतीकडे.

“चाची,” ती म्हणाली, “आवाज हितनं मी बंद केलाय. मशीन बंद हाय आता. ह्याच्यापुढं शिरोळचा आवाज आला, तर तो चाचांचाच असणार. रेडिओ जवळ ठेवा.”

“ठेवते,” शहाजादी म्हणाली.

०

रात्रीबद्दल इथं काही लिहीत नाही.

०

सकाळी पाऊस उघडला होता. नदी उतरली नव्हती. उघडीप पडली की लोकांना घर आठवतं, आणि पाणी तर वरच्या अंगानं अजून यायचं असतं.

सातला संघप्रियानं माईक पुढं घेतला, घसा साफ केला. तिनं तोंड उघडायच्या आत खिडकीतला रेडिओ तिच्या आवाजात म्हणाला:

शिरोळ?

तिनं वळून खिडकीकडे बघितलं.

शिरोळ हाय!

ईदचा होता. हसरा.

गारगोटी? गारगोटी हाय. कोल्हापूर हाय. चला, सुरू करूया.

दारात विजयसिंह उभा होता, हातात चहाची किटली. रात्रभर न झोपलेल्या चेहऱ्यावर जरा उजेड आला होता. “मिटलं, ताई. पुण्यातनंच सुरू केलं त्यांनी. पेठेतलं मशीन बंद पडलं तर तिकडनं चालतंय म्हणे. करारातच हाय. बघितलं नव्हतं मी.”

तिनं जुन्या मिक्सरवर हात ठेवला. दिवा लागलेला होता. तो आता कशालाच जोडलेला नव्हता.

फोन वाजला.

“ऐकलासा?” शहाजादी हसत होती, रडत होती. “बोलले! कसं हसत बोलले बघा! तुम्ही म्हटलासा तसंच झालं. ताई, माझा जीव…” मागं घुंगरांचा आवाज होता. म्हशींच्या गळ्यातल्या. पुरुषांच्या हाका. “लोकं निघाली मळ्याकडं. झुंबरबाई म्हणत्यात, गैबी बोलला, आता गाभण म्हशीला हितं उभं करून काय करू.”

“चाची, थांबवा त्यास्नी.”

“का ओ?”

“ते चाचा न्हाईत.”

घुंगरं वाजत राहिली. लांब लांब जायला लागली.

“तुम्ही म्हटलासा, आवाज आला तर त्यांचाच असंल.”

“मी चुकले, चाची. मशीन अजून एक हाय. पुण्यात. ते मला हितनं बंद करता येत न्हाई.”

शहाजादी ओरडली, पण फोनमध्ये नाही, तोंड बाजूला करून: “झुंबरबाई! अवो थांबा! त्यो ह्येंचा आवाज न्हवं!” लांबून एक बाईचा आवाज आला, थट्टेचा, ऐन सकाळचा: “तुझ्या दादल्याचा आवाज तुला वळकंना व्हय गं? रातीत इसरलीस?” कुणी तरी हसलं.

“न्हाय ऐकत,” शहाजादी म्हणाली.

“चाची, तुम्ही टाकीपशी हाईसा. पायथ्याला पत्र्याची पेटी हाय. आत लाल दांडा. तो खाली ओढा.”

“त्येच्यावर ह्येंनी लिवलंय, हात लावू नये.”

“व्हय.”

“ओढला तर ह्येंचा आवाज जाईल.”

“सगळाच जाईल. शिरोळचा रेडिओ बंद पडंल.”

“परत लागंल?”

संघप्रियानं विजयसिंहाकडे बघितलं. त्यानं किटली जमिनीवर ठेवली आणि नकारार्थी मान हलवली. तो टॉवर एकदा बंद पडला की सुरू करणारा एकच माणूस होता.

“न्हाय लागायचा,” ती म्हणाली.

मग फोनमधून फक्त चालण्याचा आवाज आला. चिखल. पत्र्याचं दार कुरकुरलं. जवळच कुणाच्या तरी हातातल्या रेडिओवर सनई लागली होती, सकाळच्या कार्यक्रमाची. शहाजादीचा श्वास.

“अक्षर किती घाण हाय ह्येंचं,” ती म्हणाली.

खटका पडला. सनई तुटली. खरखर.

पहिल्यांदा घुंगरं थांबली. मग एका पुरुषाचा आवाज, “ए, रेडिओ गप्प झाला रं.” मग झुंबरबाईचा, आता त्यात थट्टा नव्हती: “मागं फिरा. फिरवा म्हशी. गैबी गप्प झाला. फिरा म्हणते न्हवं!”

फोन चालूच होता. घुंगरं पुन्हा जवळ यायला लागली. मंगळवार पेठेत खाली गिरणीवाल्यानं शटर वर केलं. विजयसिंहाच्या खिशात फोन थरथरला, थांबला, थरथरला. त्यानं तो काढला नाही.

खिडकीतल्या रेडिओवर कोल्हापूरची सनई तेवढी सुरू होती. बाराला पुन्हा हजेरी होती.

०

शिरोळच्या खोलीतल्या सगळ्या वायरी कंपनीच्या माणसांनी जूनमध्येच, दुसऱ्या किल्लीनं दार उघडून, काढून नेल्या होत्या.